पिवळ्या पानाला युरिया देण्याआधी

शिरोळ तालुक्यात परसातल्या लिंबाचं पान पिवळं पडलं की घरातून पहिला सल्ला ठरलेला असतो: मूठभर युरिया टाक. युरिया घरात असतोच, उसाला आणलेल्या पोत्यातला उरलेला. आठ दिवसांत झाड हिरवं झालं नाही की आणखी एक मूठ पडते. मग पानांच्या कडा करपतात आणि बोअरचं पाणी बाधलं म्हणत झाडावर फुली मारली जाते. बोअरच्या पाण्याचा संशय खोटा नसतो, पण तो सगळ्यात शेवटी येतो. यायला हवा सगळ्यात आधी.

इथल्या काळ्या जमिनीत परसातलं झाड पिवळं पडतं ते बहुतेक वेळा उपाशी राहिलं म्हणून नव्हे. ताट भरलेलं असतं, तोंड बांधलेलं असतं. मातीत लोह असतं, नत्र असतं, पण चुनखडीमुळे, साठलेल्या पाण्यामुळे किंवा क्षारांमुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी वरून आणखी खत ओतणं म्हणजे पैसे आणि झाड दोन्ही घालवणं.

तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वारणेचं पाणी घेऊन कृष्णा येते, नृसिंहवाडीला तिला पंचगंगा मिळते, दत्तवाड-दानवाडच्या अंगाला दूधगंगा आहे. म्हणजे पाण्याला तोटा नाही. पाऊस मात्र कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात कमी पडणाऱ्या पट्ट्यातला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्याच जिल्ह्यातल्या गगनबावड्याला एका पावसाळ्यात त्याच्या कित्येक पट कोसळतो. तिकडे जमिनीतले क्षार धुऊन जातात, इकडे साठतात. त्यात खोल काळी जमीन, बारमाही ऊस आणि पाटपाणी. मीठफुटीची रानं इथं शेताच्या बांधावरून दिसतात. तीच माती घराच्या मागं आहे, हे परसात काम करताना आपण विसरतो. कोंडिग्रे, निमशिरगावच्या मुरमाड उंचवट्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथं पाणी झिरपून जातं आणि झाड खरंच उपाशी असू शकतं.

तर आधी पान बघायचं. किती पिवळं पडलंय याला फारसं महत्त्व नाही. कुठलं पान आधी पिवळं पडलं ते बघा, शेंड्याचं कोवळं की बुडाचं जुनं. काही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात हलती असतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या फुटीला देतं, त्यामुळे खालची पानं आधी पिवळी होतात. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम या गटातली. लोह, गंधक आणि मँगनीज मात्र एकदा पानात बसली की सहसा तिथून हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याला दिसते.

बुडाचं पान शिरांसकट एकसारखं पिवळं पडलं, झाडाची वाढ मंद आहे, माती भुसभुशीत आणि ओल बेताची आहे, तर नत्र कमी आहे. युरिया इथं चालतो. तोही मुळाशी मूठ टाकण्यापेक्षा लिटरला १० ग्रॅम विरघळवून पानांवर फवारा. मिरची-टोमॅटोच्या कोवळ्या रोपांना निम्मंच प्रमाण घ्या. जुन्या पानाच्या देठाकडं उलट्या व्हीसारखा हिरवा त्रिकोण राहिला आणि बाकीचं पान पिवळं झालं, तर मॅग्नेशियम कमी. लिंबावर ही खूण इतकी स्पष्ट असते की चुकायचं कारण नाही. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला १० ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा. जुन्या पानांच्या फक्त कडाच पिवळ्या होऊन करपल्या तर दोन शक्यता राहतात. एक पालाश कमी, दुसरी मीठ जास्त. शिरोळमध्ये मी आधी दुसरीचा संशय घेईन.

आणि काही पिवळी पानं नुसती म्हातारी असतात. लिंबाचं पानही वर्ष-दोन वर्षांनी गळतं. कढीपत्ता थंडीत वाढ थांबवतो, पिवळा होतो, पानं टाकतो आणि फाल्गुनात फुटतो. त्याला डिसेंबरात औषध शोधत बसू नका.

आता शेंड्याकडं या, कारण इथला खरा त्रास तिथं आहे. कोवळं पान पिवळं, त्यावर शिरांची हिरवी बारीक जाळी, आणि दुखणं वाढत गेलं की पान जवळजवळ पांढरं. उसावर असं झालं की केवडा पडला म्हणतात. खोडव्याच्या रानात, चुनखडीच्या पट्ट्यावर तो बांधावरूनही ओळखू येतो. लिंबू, जास्वंद, गुलाब, मोगरा, पेरू यांच्यावर दिसतो तोही बहुधा तोच, म्हणजे लोहाचा. मातीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. इथल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास आणि वर असणं नवलाचं नाही. चुनखडी आहे का हे घरी बघता येतं. कोरड्या मातीचं ढेकूळ बशीत घ्या, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे.

नर्सरीतून आणलेलं रोप आधी हिरवंगार असतं आणि वर्षभरानं पिवळं पडतं, त्याचं कारणही इथंच आहे. पिशवीत तांबडी माती किंवा कोकोपीट असतं. मुळं त्या गोळ्यातून बाहेर काळ्या मातीत शिरली की त्रास सुरू होतो. नर्सरीवाल्यानं फसवलं म्हणून भांडायला जाण्यात अर्थ नसतो.

लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात स्वस्तात मिळतं. हिरवट खडे बघून घ्या. तांबूस पूड झाली असेल तर ती गंजून निकामी झाली आहे. ते मातीवर नुसतं टाकलं तर चुनखडीच्या जमिनीत थोड्याच दिवसांत त्याचीही तीच गत होते. म्हणून दोन वाटा आहेत. पहिली फवारणीची: एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, विरघळवायचं आणि मग ५ ग्रॅम हिराकस. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. पांढऱ्या फरशीवर थेंब पडले तर तांबडे डाग निघत नाहीत, तेवढं आधी झाकून घ्या. दुसरी वाट मातीची. घमेलंभर चांगल्या कुजलेल्या शेणखतात २० ते २५ ग्रॅम हिराकस कालवायचं, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस मुरू द्यायचं आणि मग आळ्यात मुळांच्या घेरात मिसळायचं. ऊसवाल्यांना ही मुरवायची पद्धत नवी नाही, ती परसात मात्र फारशी आणली जात नाही.

तिसरी वाट चिलेटेड लोहाची, आणि तिच्यात पैसे वाया जायची सोय भरपूर आहे. पुडीवर ईडीटीए लिहिलेलं लोह फवारायला ठीक, पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीत टिकत नाही. आपल्या मातीत द्यायचं असेल तर पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं हवं. पाण्यात टाकलं की रंग गडद लाल होतो. महाग असतं, म्हणून दोन-चार आवडत्या झाडांपुरतंच घ्या.

लोहाबरोबर जस्ताचीही कमतरता वरचेवर असते. लिंबाची नवी पानं बारीक, अरुंद, पिवळे ठिपके पडलेली आणि शेंड्याला झुपक्यात आलेली दिसली तर ते जस्त. लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्यात अडीच ग्रॅम विरवलेला चुना, फडक्यातून गाळून. चुना इथं फक्त पानं भाजू नयेत म्हणून आहे. मातीत चुना शिरोळच्या काळ्या रानात कुणीही टाकू नये.

आता तुम्ही म्हणाल, लोह की जस्त की मॅग्नेशियम, हे नजरेनं दर वेळी कसं ओळखायचं? नाही ओळखता येत, दोन कमतरता एकत्र असल्या तर मुरलेल्यांचीही गल्लत होते. त्यासाठी झाडालाच विचारायची एक सोपी रीत आहे. सारख्या पिवळ्या पडलेल्या तीन फांद्या निवडा आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. वर दिलेल्या प्रमाणात तीन पेल्यांत हिराकस, झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेटचं पाणी करा. लाल दोऱ्याची पानं पहिल्यात बुडवा, पांढऱ्याची दुसऱ्यात, काळ्याची तिसऱ्यात. आठ-दहा दिवस थांबा. जी फांदी हिरवी होऊ लागली तिचं औषध झाडाला हवं आहे. लोहाच्या बाबतीत तर जिथं पाणी लागलं तिथंच हिरवे ठिपके उमटतात, बाकी पान पिवळंच राहतं. तिन्ही फांद्यांवर काहीच झालं नाही तर खताच्या दुकानात जाऊ नका. दुखणं मुळात किंवा पाण्यात आहे.

पाण्याचं बघताना मातीचा वरचा थर फसवतो. काळी माती वरून भेगाळते आणि वीतभर खाली चिखल असतो. म्हणून खुरप्यानं वीतभर उकरून मूठ आवळून बघा. पाणी सुटलं किंवा आंबूस वास आला तर मुळांना हवा नाही. पाणी भरपूर असूनही पानं मलूल होतात, वरची-खालची सगळीच फिकट पडतात, आणि घरातलं कुणीतरी ते बघून आणखी एक बादली ओततं. कपडे धुतलेलं पाणी, भांडी घासलेलं पाणी, नहाणीचं पाणी एकाच लिंबाच्या बुंध्याशी सोडणं ही तर बहुतेक घरांतली व्यवस्थाच आहे. साबणातलं सोडियम आणि कायमची ओल, दोन्ही एकदमच मिळतात. ते पाणी केळीला, अळूला द्या. लिंबाला पाणी बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या घेरात द्यावं. बुंध्याभोवती माती चढवून आतलं आळं कोरडं ठेवायचं आणि बाहेरच्या आळ्यात पाणी सोडायचं. विदर्भातले संत्रावाले हे दुहेरी आळं डिंक्या टाळायला करतात, आपल्याला दुप्पट उपयोगाचं आहे. बुंध्यातून डिंक वाहत असेल तर साल खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, आपल्याला लागेल तेवढ्याच प्रमाणात.

कुंडीवाल्यांनी कुंडी उचलून बुडाचं भोक बघावं. शाडू किंवा काळ्या मातीनं ते गच्च बसलेलं असतं.

महापुराचं गणित वेगळं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदीकाठच्या गावांनी ते पाहिलं आहे. पुराचं पाणी चढून नृसिंहवाडीच्या मंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी आली की आपण दर्शनाचा विचार करतो, खालच्या आळीतल्या माणसानं कुंड्याही माडीवर चढवाव्यात. पाण्यात दोन दिवस उभी राहिलेली पपई सहसा वाचत नाही, मिरचीचंही तसंच. लिंबू, कढीपत्ता, पेरू पिवळे पडतात आणि त्यांना वाचवता येतं, पण घाई करून नाही. पाणी ओसरल्यावर बुंध्याशी बसलेला गाळ आधी बाजूला ओढा, पानांवरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा. वरची पापडी वाफसा येताच फोडा, ओल्या चिखलात पाय घालून नव्हे. साठलेलं पाणी निघायला खालच्या अंगाला चर काढा. मुळकूज थांबवायला कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम मिसळून बुडाशी ओता. या काळात मातीतून खत नको, कारण घ्यायला मुळंच नाहीत. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम फवारून झाडाला तगवा, आणि उकरून बघितल्यावर पांढरी नवी मुळी दिसली की मगच शेणखत. तो बाजूला काढलेला गाळ मात्र टाकू नका. वाळवून शेणखतात मिसळला तर पुढं वाफ्यांना सोन्यासारखा लागतो, फक्त त्यातल्या काचा आणि प्लास्टिक वेचायला धीर हवा.

क्षारांची गोष्ट हळूहळू घडते, म्हणून उशिरा कळते. जमिनीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पापडी दिसते, पानांच्या टोकाशी पिवळेपणा येऊन ते करपतं. ही खारवट माती, आणि तिचं औषध गोडं पाणी. कुंडीत महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू द्या. बोअरचं पाणी मचूळ असेल तर यासाठी नळाचं वापरा, आणि पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवा. पावसाच्या पाण्यात ना मीठ ना चुना, परसातल्या झाडाला त्याच्याइतकं मानवणारं दुसरं पाणी नाही.

चोपण जमीन हट्टी असते. ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी वरच तुंबतं आणि सामू साडेआठच्या वर. तिला जिप्सम लागतं, आणि किती लागतं ते माती परीक्षणाशिवाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे. पाण्याला निघायला वाट नसेल तर जिप्समचाही उपयोग होत नाही. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं क्षारपड रानांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याचं जे काम उभं केलं, त्याचा गाभा हाच आहे: आधी पाण्याला वाट, मग बाकी सगळं. परसात पाइप घालायची गरज पडत नाही. झाड खड्ड्यात न लावता फूट-दीड फूट उंच वरंब्यावर लावा, उताराच्या बाजूला विटांच्या तुकड्यांनी भरलेला चर ठेवा. नव्या झाडाला एवढं पुरतं.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहितो. कढीपत्त्याला ताक घालायची आपली रीत वाईट नाही, आंबटपणामुळं थोडा फरक पडतो. पण मीठ-जिरं घातलेलं उरलेलं ताक झाडाला घालू नका. अंड्याची टरफलं म्हणजे शुद्ध चुनखडी, इथं ती घालणं म्हणजे दुखण्यात भर. चुलीची राख कोकणातल्या आंबट मातीत गुणकारी असेल, इथं ती सामू आणखी वर नेते. बुडाशी गंजके खिळे पुरणारे पुष्कळ आहेत. गंज म्हणजे तेच न विरघळणारं लोह, जे मातीत आधीच ढिगानं पडलंय. नारळाच्या बुडात मीठ घालायचा सल्ला तर या तालुक्यात कुणी देऊच नये. शेणखत, गांडूळखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन मात्र कधीच वाया जात नाही. कुजताना त्यातून निघणारी आम्लं अडकलेलं लोह थोडं थोडं सुटं करतात, आणि आच्छादनामुळं क्षार वर ओढले जात नाहीत. कारखान्याची मळी आणली तर ती पुरती कुजवूनच वापरा.

उसाच्या गावात आणखी एक संशयित असतो, तणनाशक. शेजारच्या रानात २,४-डी मारलं आणि वारा घराकडं असला, तर टोमॅटो-मिरचीचा शेंडा पिळवटतो, पानं दोरीसारखी अरुंद होतात. मेट्रिब्युझिन किंवा ॲट्राझिनचा अंश लागला तर पानं कडेकडून आणि शिरांमध्ये पिवळी पडतात. बऱ्याचदा वाराही लागत नाही, तोच पंप न धुता परसात आणलेला असतो. फुलझाडं-भाजीपाल्यासाठी पंप वेगळाच ठेवावा. एकदा लागलेल्या तणनाशकावर उतारा नाही. भरपूर पाणी मारून पानं धुवा आणि नवी फूट कशी येते याची वाट बघा.

किडींचं थोडक्यात. उन्हाळ्यात पानावर पिवळे बारीक ठिपके आले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा, त्यानं भागलं नाही तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, भर उन्हात कधीही नाही. भेंडीवर लोहाच्या कमतरतेच्या उलटा प्रकार दिसतो: शिराच पिवळ्या, मधलं पान हिरवं. तो हळद्या, पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू. त्याला लोह नको, औषध नको, झाड उपटून घराबाहेर टाका. कढीपत्ता आणि मिरचीवर अंगात भिनणारी कीटकनाशकं मारू नका. तेच पान दुसऱ्या दिवशी फोडणीत जाणार असतं. हिराकस फवारलं तरी आठवडाभर पानं तोडू नका आणि नंतर धुऊन घ्या.

दोन-तीन झाडं सतत पिवळी राहत असतील तर माती तपासून घ्या. कोल्हापूरला शासनाची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, कणेरीला कृषी विज्ञान केंद्र आहे. झाडाच्या घेरात चार-पाच ठिकाणी फूटभर खोलीपर्यंतची माती काढा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. नुकतंच खत घातलं असेल तर महिना-दीड महिना थांबून. कागदावर नत्र-स्फुरद-पालाश आधी बघायची आपल्याला सवय आहे. तुम्ही सामू, विद्युत वाहकता आणि मुक्त चुना हे तीन रकाने आधी वाचा. वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू साडेआठच्या आत असेल तर खारवट. सामू साडेआठच्या वर असेल तर चोपणाचा संशय, आणि तेव्हा जिप्समची मात्रा तिथूनच लिहून घ्या.

आणि जिथं दर उन्हाळ्यात पांढरं फुटतं तिथं लिंबू, गुलाब, घेवडा लावायचा हट्ट सोडा. त्या जागी नारळ, चिकू, बोर तग धरतात, वाफ्यात पालक आणि बीट चांगले येतात. लिंबू हवाच असेल तर तो मोठ्या पिंपात, कोंडिग्र्याकडच्या मुरमाड मातीत निम्मं शेणखत घालून, आणि पन्हळीच्या पाण्यावर.